निम्म्या खुर्च्या रिकाम्या

देशातील विमानसेवेच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयात, म्हणजेच ‘डीजीसीए’त, मंजूर १,०६३ पदांपैकी अवघी ५५३ भरलेली असल्याचे संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये निदर्शनास आणले, तेव्हा २६० जणांचा बळी घेणाऱ्या अहमदाबाद दुर्घटनेला जेमतेम दोन महिने झाले होते. त्या अपघाताचा संबंध रिक्त पदांशी जोडण्याची घाई करू नये. परंतु निम्म्या मनुष्यबळावर चालणारी देखरेख पुरेशी आहे, असे कोणत्याही सरकारला म्हणता येणार नाही.

हे काम माणसाच्या नजरेचे आहे. विमानतळावर उभ्या असलेल्या विमानाची अचानक तपासणी करणारा अधिकारी टायरची झीज पाहतोच, शिवाय तांत्रिक नोंदवही उघडून दुरुस्ती पुढे ढकललेले दोषही तपासतो. कारण काही किरकोळ दोषांसह ठरावीक मुदतीपर्यंत उड्डाण करण्यास नियमांची मुभा असली, तरी ती मुदत उलटली आहे काय आणि एकच दोष वारंवार डोके वर काढतो आहे काय, हे त्यालाच जोखावे लागते.

वैमानिकांचे प्रशिक्षण व कंपन्यांची उड्डाणपद्धती तपासणाऱ्या ‘फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टर’ची अडचण आणखी बिकट आहे, कारण हा निरीक्षक स्वतः मुरलेला वैमानिक असावा लागतो आणि अशा वैमानिकाला विमान कंपन्या देतात तेवढा पगार सरकारी वेतनश्रेणीत बसत नाही. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने भारताचा सुरक्षा दर्जा घटवला, त्यामागे या निरीक्षकांची वानवा हे एक ठळक कारण होते. एप्रिल २०१५ मध्ये दर्जा परत मिळेपर्यंत भारतीय कंपन्यांना अमेरिकेच्या नव्या फेऱ्या सुरू करता आल्या नाहीत. एवढी नामुष्की ओढवूनही कायमस्वरूपी भरतीची घडी बसली नाही, हे अक्षम्य आहे. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या नव्या नियमांची पूर्वतयारी न झाल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि त्यानंतर चार कंत्राटी निरीक्षकांची सेवा संपवण्यात आली. मात्र त्यांच्या जागी सक्षम माणसे कोठून आणणार, हा प्रश्न उरलाच.

नवी मुंबईसारखे नवे विमानतळ सुरू होत असताना केंद्राने लोकसेवा आयोगाच्या संथ प्रक्रियेतून डीजीसीएची सुटका करून तिला स्वतंत्र भरतीचे व बाजाराशी सुसंगत वेतन देण्याचे अधिकार द्यावेत आणि रिक्त पदे केव्हापर्यंत भरणार, याचे वेळापत्रक संसदेपुढे ठेवावे.