दिव्याचे बटण वेगळे, पंख्याचे वेगळे

आमच्या बाथरूमचा दिवा आणि एक्झॉस्ट फॅन एकाच बटणावर होते. घर घेतले तेव्हापासून तसेच असल्याने त्यात कोणाला वावगे वाटले नाही. त्रास मात्र रोजचा होता. फजरच्या वुजूसाठी अम्मी उठल्या आणि बटण दाबले की पंखा घरघरू लागे, शेजारच्या खोलीतले बाळ जागे होई. म्हणून अम्मी दिवाच लावत नसत. अंधारात भिंत चाचपत वुजू करून येत. गेल्या पावसाळ्यात त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही, अल्हम्दुलिल्लाह, पण मुका मार आठ दिवस ठणकत होता.

दुसरी अडचण उलटी होती. अंघोळीनंतर पंखा पंधरा-वीस मिनिटे चालला, तर दमट हवा बाहेर जाते. पण दिवा उगाच कशाला जळू द्यायचा, म्हणून बाहेर येणारा बटण बंद करी आणि पंखाही थांबे. छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली ती त्यामुळेच.

अम्मी पडल्यावर दोन बटणे करायचे ठरले. "एक बटण तर वाढवायचंय, मीच करतो," म्हणत धाकट्याने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. आम्ही त्याला थांबवले आणि परवानाधारक वायरमनला बोलावले. त्याने आधी टेस्टर चालू सॉकेटवर लावून तो ठीक असल्याची खात्री केली. मग बाथरूमचे बटण बंद ठेवून दिव्याच्या होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला!

बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या वायरवर बसवलेले होते. अशा जोडणीत बटण बंद केले की दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत २३० व्होल्ट तसेच पोचलेले असतात. मागच्याच आठवड्यात धाकट्याने नुसते बटण बंद करून, ओल्या फरशीवर उभे राहून बल्ब बदलला होता. ते आठवून आमच्या अंगावर काटा आला.

वायरमनने मेन स्विच बंद केला आणि पुन्हा तपासून कामाला हात घातला. फेजची वायर बटणावर घेतली, शेजारी दुसरे बटण बसवले आणि तिथून पंख्यापर्यंत पाइपातून फेजची नवी तांब्याची वायर ओढली. न्यूट्रल दोघांना एकच राहिली, पण ती त्याच सर्किटची. पंख्याला हिरवी अर्थिंगची वायर जोडली. ओल्या हाताचा संबंध नको म्हणून बोर्ड पूर्वीसारखा दाराबाहेरच ठेवला. अर्ध्या दिवसात काम झाले.

जाताना त्याने विचारले, "आरसीसीबी आहे का?" आमच्याकडे फक्त एमसीबी होते. एमसीबी जादा भार आणि शॉर्ट सर्किट ओळखतो. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळत नाही. तो ओळखून वीज तोडते ती ३० मिलिअँपियरची आरसीसीबी. पुढच्या पगाराला तीही बसवली. तिच्यावरचे 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून पाहायचे, वीज लगेच गेली पाहिजे.

घरातल्यांना आता तीन गोष्टी पक्क्या सांगून ठेवल्या आहेत. बल्ब बदलायचा तर बटणावर भरवसा नको, मेन बंद करायचा. ओल्या हाताने, अनवाणी वायरीला हात लावायचा नाही. आणि जोडणीचे काम जाणकारानेच करायचे.

अम्मी आता पहाटे दिवा लावून वुजू करतात आणि बाळ झोपलेलेच असते. तुमच्याही बाथरूममध्ये दोघांचे बटण एकच असेल, तर या महिन्यात वायरमनला बोलवा. बटण वाढवून घ्याच, पण होल्डरही टेस्टरने तपासून घ्यायला सांगा.