पंक्तिप्रपंच

पंगतीत वाढणाऱ्याने पंक्तिप्रपंच करू नये, असा आपल्याकडचा जुना शिरस्ता. जावयाच्या भातावर दोनदा तूप आणि कोपऱ्यातल्या पाहुण्याला वरणही जेमतेम, असे झाले की पंगत उठण्यापूर्वीच त्याची कुजबुज सुरू होते. पण घरात काचेची पेटी आणून तीत चार जातींचे मासे सोडले, की हा शिरस्ता गुंडाळून ठेवावा लागतो. तेथे सर्वांना सारखे वाढणे म्हणजे कोणाला तरी उपाशी ठेवणे.

चिरंजीवांच्या हट्टापायी आमच्याकडे अडीच फुटांची पेटी आली. तीत गप्पी आहेत, निऑन टेट्रा आहेत, तळाशी चार कोरीडोरास आहेत. शिवाय काचेला तोंड लावून बसणारा एकजण आहे. त्याच्या जातीला दुकानदार नुसते ‘सकर’ म्हणतात. (‘गप्पी’चा गप्पांशी संबंध नाही, हे भाषेचा मास्तर म्हणून सांगून टाकतो. हे नाव त्रिनिदादमधल्या रॉबर्ट जॉन लेक्मेर गप्पी या निसर्ग-अभ्यासकावरून आले.)

पेटी येताच घरातल्या प्रत्येकाने तिचे पालकत्व घेतले. सकाळी आई चिमूट टाकी, दुपारी चिरंजीव, रात्री आमची ही. “अरे, काचेशी येऊन तोंडं उघडतात, बघवत नाही!” असे आईचे म्हणणे. आठ दिवसांत पाणी ताकासारखे झाले. आणि नवल असे की, एवढे अन्नदान चालू असताना एका कोरीडोरासचे पोट खपाटीला गेले. “बाबा, हा मरणार का?” असे चिरंजीवांनी विचारले, तेव्हा मात्र मी खुर्ची ओढून पेटीसमोर बसलो.

माशाचे तोंड पाहावे, म्हणजे त्याचे पान कोठे मांडायचे ते कळते. गप्पीचे तोंड वर वळलेले. तो पृष्ठभागावरचे टिपतो. टेट्राचे सरळ, तो मधल्यामध्ये, खाली उतरणारा कण पकडतो. कोरीडोरासचे तोंड खाली आणि त्याला मिशा. तो वाळू चाचपीत जेवतो. आमच्या डब्यातले खाद्य तरंगणाऱ्या पापुद्र्यांचे. गप्पी ते फस्त करीत, आणि उरलेले कोपऱ्यात, झाडांच्या मुळाशी कुजे. कुजण्यातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. यांतले पहिले दोन माशांना विषच.

“तळाचे मासे घाण खाऊन राहतात, त्यांना वेगळं काही लागत नाही,” असे दुकानदाराने सांगितले होते. भांडी घासणाऱ्या बाईने खरकट्यावर जगावे, असे म्हणण्यापैकीच हे!

तेव्हापासून वाढप माझ्याकडे. आधी एका टोकाला पापुद्रे, म्हणजे गप्पी तिकडे गुंततात. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला हळूहळू बुडणारे बारीक दाणे टेट्रांसाठी. दोन मिनिटांत संपेल तेवढेच. रात्री दिवा मालवल्यावर तळाशी जाणारी वडी टाकायची, कारण कोरीडोरास आणि सकर यांना अंधार मानवतो, आणि तेव्हा गप्पींची लूटमार थंडावलेली असते. सकरला भाजी प्रिय. काकडीची चकती दगडाला बांधून सोडतो आणि सकाळी उरलेली काढतो. आठवड्यातून एक दिवस सर्वांना लंघन. “बरं झालं, या घरात माशांना तरी उपास घडतो,” असा आईने मला टोला दिला. तीन आठवड्यांत त्या कोरीडोरासचे पोट पुन्हा गोल झाले.

मध्यंतरी एका स्नेह्यांनी एंजल मासा देऊ केला. दिसायला राजबिंडा; पण पुरता वाढला की निऑन टेट्रा त्याला सोबती न वाटता घास वाटतो. आपले पान सोडून शेजारच्यालाच खाणारा पाहुणा कोण बोलावील? मी आभार मानून नको म्हटले.

या दिवाळीत आम्ही तीन दिवस कोल्हापूरला जात आहोत. धडधाकट, वाढलेल्या माशांना तेवढे दिवस अन्नावाचून काही होत नाही. पण शेजारच्या काकूंनी आपण होऊन जबाबदारी घेतली आहे, आणि त्यांना नाही म्हणवत नाही. म्हणून मी चिमूटचिमूट खाद्याच्या तीन पुड्या बांधल्या, त्यांवर वार लिहिले आणि डबा माझ्या कपाटात कुलूपबंद केला. काकूंनी पुडी उघडून पाहिली.

“एवढंसंच? अहो, सणाचं?”