नाव तांदळावर नको, सोन्यावर कोरा



बिद्री हे कागल तालुक्यातले गाव. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचे गाव म्हणून कोल्हापूर जिल्ह्यात त्याची ओळख. आपण कापूस-ज्वारीवाले, आभाळाकडे बघून पेरणारे. एका सोयऱ्याकडे लग्नाची यादी होती म्हणून आम्ही तिथे गेलो. वाटले, इथे पाणी आहे, उसाचे बिल आहे, इथली दुखणी वेगळी असतील. सोन्याचा विषय निघाला आणि कळले, घर बागायती असो की कोरडवाहू, बाईच्या डागाचे दैव एकच.

बाप लेकीला दोन पाटल्या देणार होता. सोनाराने विचारले, "आतल्या अंगाला काय कोरू?" पुरुषमंडळी एका सुरात म्हणाली, "जावईबापूंचे आडनाव." पोरगी तिथेच चहाचे कप गोळा करत होती. तिला कुणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. लाज वाटते, तरी लिहितो.

आपल्याकडे अनेक घरांत लग्नात नवरदेव सोन्याच्या अंगठीने ताटातल्या तांदळावर बायकोचे नवे नाव लिहितो. ताट हलले की नाव गेले. घरात आलेल्या बाईचा हक्क आपण असाच तांदळावर लिहीत आलो. कोल्हापुरी साज बघा. त्याच्या पानांवर मासा आहे, कासव आहे, अवतार आहेत. जिच्या गळ्यात तो पडतो तिचे नाव मात्र कुठे नाही.

आणि जोंधळी पोत? ज्वारीच्या दाण्यासारखे सोन्याचे मणी! सोनाराच्या पेढीवर आपल्या जोंधळ्याला केवढा मान! खळ्यावरच्या जोंधळ्याचे काय? २०२५-२६ च्या हंगामाला संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये क्विंटल. सोने २०२५ सालीच १० ग्रॅमला लाखाच्या वर गेले. म्हणजे हमीभाव पदरात पडलाच, तरी तेव्हा एवढ्या सोन्याला १२ क्विंटलहून जास्त कापूस घालावा लागत होता, नाहीतर २७ क्विंटल ज्वारी. असा घामाचा डाग लेकीला द्यायचा, तर तो कुणाचा हे त्यावर लिहिलेले नको?

आता घरातली गोष्ट बोलू. मृग तोंडावर आला, बियाण्याला पैसा नाही, की आपली नजर कुठे जाते? बायकोच्या गळ्याकडे. पोत गहाण पडते. कापूस बुडाला की पोत सुटत नाही, लिलावात जाते. सरकार आम्हाला लुटते म्हणून आम्ही रस्त्यावर उतरतो, आणि घरी येऊन तोच कित्ता गिरवतो. न विचारता घेतो, हिशेब देत नाही, परत करत नाही. शेतीमालाची लूट ती लूट, आणि बाईच्या सोन्याची ती संसाराची अडचण?

कायदा काय सांगतो? बाईला लग्नात मिळालेले सोने हे तिचे स्त्रीधन, तिच्या एकटीच्या मालकीचे. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हे ठणकावून सांगितले. २०२४ साली पुन्हा सांगितले, की नवऱ्याने अडचणीत ते वापरले तर ते किंवा त्याची किंमत परत करण्याचे नैतिक बंधन त्याच्यावर आहे. १९८५ च्याच नियमांत लग्नातल्या भेटींची लेखी यादी सांगितली आहे: वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, आणि वधू-वर दोघांच्या सह्या. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची. आपण यादीला बसतो ती मानपानाच्या. ही यादी किती घरांत होते?

आणि मागून घेतलेले सोने हा १९६१ च्या कायद्याने हुंडाच. त्यावर नाव कोरून त्याची भेट होत नाही.

कुणी म्हणेल, नाव कोरलेला डाग अडीअडचणीला मोडायचा कसा? मोडता येतो. सोनार मुशीत वितळवतो तेव्हा वजन आणि कस बघतो, अक्षरे नाही. कोरणावळीचे पैसे मात्र परत येत नाहीत, घडणावळीचेही नाहीत. हे आधीच ध्यानात ठेवा आणि नक्षीपेक्षा वजनाला पैसा घाला. उलट, गहाण टाकताना नवऱ्याला ते नाव दिसेल आणि दोन शब्द विचारावेसे वाटतील, एवढ्यासाठीच तर ते कोरायचे.

मग काय करायचे ते ऐका. नाव भरीव जागी कोरा: पाटलीच्या आत, अंगठीच्या आत, पदकाच्या पाठीवर. लाख भरलेल्या किंवा पातळ पत्र्याच्या डागावर कोरू नका, पत्रा फाटतो. लाखेचे वजन सोन्यात धरू देऊ नका. हाताने कोरताना सोन्याचा कीस निघतो, म्हणून आधी आणि नंतर समोर वजन करा. तोळा म्हणजे किती, तेही विचारा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो.

एके काळी दिल्लीनेच सोन्यात हात घातला होता. १९६३ साली १४ कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी आली आणि सोनारांच्या चुली विझल्या. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली गेला. आज शिक्का आहे तो गिऱ्हाइकाच्या कामाचा. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून डागावर सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक लागतो. २२ कॅरटला ९१६ आकडा असतो. क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा. नाव कोरताना तो खरवडला जाणार नाही हे बघा. कस कमी निघाला तर फरकाच्या दुप्पट भरपाई मागता येते, पण पावती हवी. आणि पावती लेकीच्या नावाने फाडा. अक्षरे मुशीत जातात, पावती उरते.

नाव कोणते कोरायचे? पाळण्यात ठेवलेले. शाळेच्या दाखल्यावरचे. सासरचे आडनाव नको, जावयाची अक्षरेही नकोत.

शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावायला सांगितले आणि अनेकांनी ते लावले. जमीन देण्याची छाती दाखवणाऱ्यांना दोन पाटल्यांवरची चार अक्षरे जड का व्हावीत?

येत्या लग्नसराईत डाग द्याल तो लेकीच्या नावाने द्या. आणि बायकोचा गहाण पडलेला डाग ज्याच्या घरी असेल, त्याने यंदाच्या कापसाच्या पहिल्या पैशात तो आधी सोडवावा. मग बैठकीला यावे आणि लुटीवर बोलावे.