आधीं वाचन, मग सही

आमचा एक जुना विद्यार्थी दहा वर्षें वकिली करून नुकताच नोटरी झाला. मढ व भोंवतालच्या गांवांत घरोघर जाऊन कागद साक्षांकित करून द्यावे, असा त्याचा मानस आहे. वृद्ध माणसें अंथरुणास खिळलेलीं, मुलगे माळशेज घाट उतरून मुंबईकडे नोकरीस गेलेले. अशा घरांना जुन्नरची खेप जड जाते. उद्योग लोकोपयोगी आहे यांत संशय नाहीं. "गुरुजी, आरंभ कसा करूं?" असें त्यानें विचारलें, तेव्हां आम्ही त्यास १८७९ सालचा एक जुना कायदा वाचावयास सांगितला.

१८७५ सालीं सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला व तो पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख कर्जरोख्यांवर होता; ते हिसकावून जाळण्यांत आले. त्यानंतर झालेल्या दख्खन शेतकरी कायद्यानें खेड्यांसाठीं ग्रामनिबंधकांची योजना केली. शेतकऱ्याचा दस्त निबंधकानें स्वतः लिहावा वा आपल्या देखरेखीखालीं लिहवावा, समोरचा मनुष्य तोच आहे याची खात्री करावी, मजकूर वाचून समजावून द्यावा, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. तो कायदा आज अमलांत नाहीं. त्यांतील विवेक मात्र शिळा झालेला नाहीं.

याची प्रचीति लवकरच आली. विद्यार्थ्याबरोबर आम्ही एका घरीं गेलों होतों. वीजजोडणीसाठीं आजींचा अंगठा हवा, असें घरच्यांनीं सांगितलें. आजी म्हणाल्या, "काय लिव्हलंय, ते मोठ्यानं वाच की." त्यानें वाचलें, तों घराचा हिस्सा मुलाच्या नांवें करण्यास आपली हरकत नाहीं, असा मजकूर निघाला! आजींनीं हात पदराखालीं घेतला. विद्यार्थ्यानें शिक्का पिशवींत ठेवला आणि त्या दिवसाच्या शुल्कावर पाणी सोडलें. आमच्या मतें त्याचा धंदा त्याच दिवशीं सुरू झाला.

नवशिक्यानें शिक्क्याची मर्यादाही जाणावी. १९५२ च्या कायद्यान्वयें नोटरीस शपथपत्र घेतां येतें, दस्त साक्षांकित करतां येतो. परंतु तेवढ्यानें जमीन विकली जात नाहीं. शंभर रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराचें खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेंच लागतें. "नोटरी केली, काम झालें," या समजुतीवर आयुष्याची पुंजी ओतणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. शारीरिक असमर्थतेमुळें ज्यांस कचेरींत जाववत नाहीं, त्यांच्या घरीं निबंधकानें स्वतः यावें वा आपला प्रतिनिधि पाठवावा, अशी सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यांत आहे. मृत्युपत्रास मात्र करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. तें नोंदविण्याची सक्ति नाहीं.

नोटरीनें प्रत्येक कामाची नोंद वहींत करावी, शुल्काचा तक्ता उघड लावावा. नियमही हेंच सांगतात. गृहस्थांस आमची विनंति इतकीच कीं, घरांत कागद आला म्हणजे वडील मंडळींच्या हातीं लेखणी देण्यापूर्वीं तो सर्वांच्या देखत अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवावा. वाचतांना ज्याचा आवाज अडखळतो, तो कागद तेथेंच थांबवावा.