अकरा महिन्यांचा करार आणि बारमाही खोकला



भाड्याची खोली बघायला निघालेलं आपलं माणूस दोन प्रश्न विचारतं. डिपॉझिट किती आणि भाडं किती. फार तर तिसरा, स्टेशनला चालत किती वेळ लागतो. सोनिवली, वालिवली, हेंद्रेपाडा या भागात मी घरोघर फिरते. भिंतीला ओल कुठे येते, पाणी कुठून येतं, न्हाणीघराला खिडकी आहे का, असं विचारून खोली घेतलेली कुटुंबं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. एजंट हे सांगत नाही. त्याची दलाली हातात पडली की त्याचं काम संपलं.

"अकरा महिन्यांचाच तर प्रश्न आहे ताई, काढू कसेतरी," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्याचा राग येतो. अकरा महिन्यांत एक अख्खा पावसाळा येतो. शिवाय अकरा महिन्यांनी माणसं जातात कुठे, तर पलीकडच्या गल्लीतल्या तशाच खोलीत. चेंबूर-घाटकोपरची चाळ परवडेना म्हणून बदलापूर गाठलेली, आणि गेली पंधरा-वीस वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या हप्त्यांत जगणारी कुटुंबं आपल्यातच आहेत. त्यांच्या मुलांचा बाळदमा दरवेळी नव्या पत्त्यावर त्यांच्यासोबत जातो. माझं म्हणणं साधं आहे. खोली निवडणं हा पैशाचा निर्णय आहे तेवढाच तब्येतीचाही आहे, आणि तो त्याच गांभीर्याने घ्यायला हवा.

घर आणि आजार यांचं नातं मुंबईला प्लेगने शिकवलं. १८९६ साली प्लेग आला, दाटीच्या अंधाऱ्या खोल्यांतून माणसं मेली, तेव्हा कुठे १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. बीआयटी चाळी त्यातूनच उभ्या राहिल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत बाबासाहेबांचं कुटुंब वर्षानुवर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलं, हे आपल्याला माहीतच आहे. शंभर वर्षांनी काय शिकलो? गोवंडी-मानखुर्द भागात नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा पुनर्वसनाच्या वसाहती बांधल्या, त्यांच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने तिथे केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत उजेड आणि वारा कमी, त्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त, असं त्यात दिसलं. बदलापुरातल्या नव्या इमारतीही आता एकमेकींच्या खिडकीत डोकावू लागल्या आहेत. म्हणून हा धडा आपणही घ्यायचा.

तर खोली दिवसा बघा. रात्री कामावरून सुटून, एजंटच्या मोबाइलच्या उजेडात बघू नका. दुपारी बारा वाजता सगळे दिवे बंद करून पेपर वाचता येतो का ते पाहा. एक अगरबत्ती पेटवून खोलीच्या मधोमध धरा आणि खिडकी-दार उघडा. धूर हलून बाहेर गेला तर खोली श्वास घेते. जागच्या जागी घुटमळला, तर तुमचा आणि तुमच्या लेकरांचा श्वासही तिथेच घुटमळणार. टीबीचे जंतू हवेत तरंगतात. वाऱ्याने ते पांगतात, उन्हाने मरतात, आणि बंद खोलीत तासन् तास टिकतात.

ओल लपवण्याचा धंदा एप्रिल-मे महिन्यात जोरात चालतो. भिंतीचा एखादाच पट्टा ताजा रंगवलेला दिसला तर तिथे तळहात टेकवा. वरच्या घराचं न्हाणीघर जिथे येतं तिथलं छत बघा. कपाटाच्या मागे वाका, वास घ्या. ओल म्हणजे बुरशी, आणि बुरशी म्हणजे दमेकऱ्याला रात्रभर बसवून ठेवणारा खोकला. घरमालक म्हणेल, पावसाळ्यात सगळीकडेच असते. नसते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि ड्रेनेजचा पाइप नीट असेल तर नसते.

पश्चिमेला तळमजल्याची खोली स्वस्त मिळते, त्याचं कारण उल्हास नदी. २००५, २०१९, २०२१, तिन्ही जुलै आपल्याला आठवतात. २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. एजंटला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, "त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं?" तो हात करून दाखवेल. विजेचे मीटर त्या हाताच्या खाली असतील तर ती खोली सोडा. आणि पुराच्या किंवा गटाराच्या पाण्यातून चालावंच लागलं, तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत नागरी आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांकडे जा. लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिनची गोळी असते, पण ती मेडिकलमधून आपल्या मनाने घ्यायची नाही. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला वेगळं औषध लागतं. पुरानंतर ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या दुखणं, हे एकत्र आलं तर थांबू नका.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त भीती वाटते ते. गॅस गीझर. मालक मोठ्या अभिमानाने सांगतो, गरम पाण्याची सोय आहे. सोय कुठे आहे ते बघा. गीझर न्हाणीघराच्या आत असेल आणि खिडकी काचेने किंवा पुठ्ठ्याने बंद केलेली असेल, तर ती सोय नव्हे. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करताना डोकं दुखलं, मळमळलं, पाय गळाले की माणसाला वाटतं उपाशीपोटी पित्त झालं. पुढच्या काही मिनिटांत माणूस खाली पडतो, आणि कडी आतून लावलेली असते. गीझर बाहेर बसवून घ्या. होत नसेल तर बादली आधी भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मग आंघोळीला जा. कोणी पडलंच तर आधी दार-खिडकी उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. स्वयंपाकाच्या गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं उलटली असतील तर बदला. मागच्या भाडेकरूची नळी वारसाहक्काने घ्यायची नाही. गॅस गळतीसाठी १९०६.

पाण्याचं थोडक्यात सांगते. इमारतीची जमिनीखालची टाकी कुठे आहे आणि संडासाचं चेंबर कुठे आहे, हे दोन्ही स्वतः जाऊन बघा. शेजारी-शेजारी असतील आणि चेंबर वाहत असेल, तर कावीळ आणि जुलाब ठरलेले. टाकी शेवटची कधी धुतली ते सोसायटीला विचारा. क्लोरीन आहे की नाही हे बघायची ओटी टेस्ट आरोग्य कर्मचाऱ्याला करता येते, त्यांना बोलवा. पाणी एक दिवसाआड येत असेल तर ड्रम भरून ठेवावेच लागतात, मान्य. पण आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून घासायचा. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत असतात.

हे सगळं बघून घेतलेली खोलीसुद्धा आजारपणात हातची जाऊ शकते. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट ही आहे.

टीबी झाल्याचं घरमालकाला कळलं की दुसऱ्या दिवशी खोली खाली करायला सांगतात. म्हणून माणसं लपवतात. आरोग्य कर्मचारी घरी येऊ नये म्हणून खोटा पत्ता देतात, शेजारीण बघेल म्हणून गोळ्यांचं पाकीट पिठाच्या डब्यात ठेवतात, आणि एक दिवस गोळ्याच बंद करतात. मग तोच टीबी औषधाला दाद न देणारा होऊन परत येतो. खरं तर बहुतेक रुग्णांकडून योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत लागण पसरण्याचा धोका खूप कमी होतो. म्हणजे मालक ज्याला हाकलतो तो औषध घेणारा रुग्ण त्याला धोकादायक नसतो, धोकादायक असतो तो औषध न घेणारा, भीतीने लपलेला. खोली बदलावीच लागली तर उपचार थांबवू नका. निक्षय नंबर जपून ठेवा, त्यावर तुमचे उपचार नव्या पत्त्याजवळच्या केंद्रात बदलून मिळतात. औषध मोफत आहे, पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. मदतीसाठी १८००-११-६६६६.

मालकांच्या भीतीचा अनुभव मला पण आहे. २०२० साली करोनाच्या वॉर्डात ड्यूटी लागली, तेव्हा मी राहत होते तिथे मला लिफ्ट वापरू नका असं सांगण्यात आलं. देशभर कित्येक नर्सेसना खोल्या सोडायला लावल्या. शेवटी २२ एप्रिल २०२० ला साथरोग कायद्यात दुरुस्तीचा अध्यादेश काढावा लागला, आणि आरोग्य कर्मचाऱ्याच्या राहण्याच्या जागी दिलेला त्रास हाही गुन्ह्यात धरला गेला. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदा स्पष्ट आहे. त्या कारणावरून घर नाकारता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही. मग टीबीला असं नेमकं संरक्षण का नाही? ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर आपल्या हातात आहे तो कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्सचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. मालकाने ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. नोटरीचा स्टँपपेपर म्हणजे नोंदणी नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. "हेवी डिपॉझिट" देऊन बिनभाड्याने राहणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं. आयुष्याची कमाई एका साध्या चिठ्ठीवर देऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

जुन्या पद्धतीच्या भाडेकरूचं पाणी-वीज मालकाला तोडता येत नाही, असं हाच कायदा सांगतो. लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्सचं नातं कायद्यात वेगळं आहे, म्हणून गृहीत काही धरू नका, करारात लिहून घ्या: पाणी-वीज बंद करणार नाही, गळती आणि वायरिंगची दुरुस्ती मालक इतक्या दिवसांत करेल, एक महिन्याच्या नोटिशीशिवाय आणि कुटुंबातल्या कोणाच्या आजारपणाच्या कारणावरून करार मोडणार नाही. मालक शेवटची अट ऐकून कुरकुर करेल. करू द्या. आत शिरण्याआधी ओल, मीटरचं रीडिंग, तुटलेल्या फरशा यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. भाड्याची पावती घ्या किंवा भाडं खात्यातच भरा. आणि मुदत संपल्यावर अडून बसू नका, कलम २४ नुसार दुप्पट भरपाई मागता येते.

सोसायटी बाहेरच्या माणसाकडे जादा पैसे मागते त्याबद्दल एकच. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि तो मालकाने भरायचा असतो.

आडनाव ऐकून "कालच दिली हो खोली" म्हणणाऱ्यांबद्दल आपल्या वाचकांना मी नवीन काय सांगणार. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी खानावळीतून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिल्लीच्या परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास मांडला, त्यातही दलित आणि मुस्लिम भाडेकरूंनाच नकार मिळताना दिसले. आरोग्याच्या पानावर हे लिहिण्याचं कारण असं की चांगल्या खोल्या नाकारल्या गेल्यावर आपल्या वाट्याला उरतात त्या नाल्याकाठच्या, तळमजल्याच्या, ओलीच्या. दवाखान्यात आपली माणसं जास्त दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. नकार तोंडी असतो म्हणून सिद्ध करणं कठीण जातं. मेसेज, कॉल रेकॉर्डिंग जपून ठेवा. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धही त्या सवलतींत आहेत. फोन १५१००.

येत्या वर्षावासात ग्रंथवाचनासाठी आपण विहारात जमूच. त्यातली एक संध्याकाळ करार वाचायला ठेवावी, असं मी आमच्या भागातल्या महिला मंडळाला सुचवलं आहे. येताना भाडेकराराची प्रत आणा, विजेचं शेवटचं बिल आणा, आणि गॅसच्या नळीवरच्या तारखेचा मोबाइलमध्ये फोटो काढून आणा.