ओल आणि अकरा महिने

बँकेच्या नोकरीत बदलीच्या गावी भाड्याचं घर ठरलेलंच. २००४ सालचा पावसाळा आम्ही गळक्या छताखाली बादल्या मांडून काढला, पण मालकांना शब्दानं बोललो नाही. हिची एकच धास्ती : "दुरुस्ती मागाल, तर घर सोडा म्हणतील!" थकलेल्या कर्जदारांना नोटिसा धाडणारा मी, घरमालकांपुढे मात्र मिंधा.

करारात वेगळं ठरलं नसेल, तर दुरुस्ती मालकानंच करायची, असं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्यानं टाळाटाळ केली, तर भाडेकरूनं ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण आज अनेकांच्या हाती असतो ११ महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार. मुदत संपली की बिऱ्हाड हलवा. मग तोंड कोण उघडणार?

मालकांनो, गळती लपवणारा भाडेकरू गुणी नव्हे. ओल तुमच्याच भिंतीत मुरते. आणि भाडेकरूंनो, दुरुस्ती कोणी, किती दिवसांत करायची, हे सहीपूर्वीच करारात लिहून घ्या. भीड भिकेची बहीण, हे आम्ही बादल्या उपसून शिकलो.