गोणीत काय आहे, ते आधी दुकानदाराला माहीत हवे

कापडाच्या धंद्यात मंदी आली की दुकानदार जोडधंदा शोधतो. आमच्या सोलापुरात अलीकडे पुष्कळ दुकानांच्या पायरीवर कुंड्या, खताच्या गोण्या आणि झाऱ्या दिसू लागल्या आहेत, त्याचे कारण हेच. २०२० च्या टाळेबंदीत माणसे घरात बसली आणि गच्चीवर, ओट्यावर, खिडकीच्या गजांत कुंड्या आल्या. ज्या घरी पूर्वी पुदिन्याचा एक डबा आणि मेंदीचे एक झाड असायचे, त्या घरी आता टोमॅटो, मिरची, गुलाब, मोगरा सारे काही आहे. आम्हीही चादरी-टॉवेलच्या दुकानाचा एक कोपरा रिकामा करून बागेचा माल ठेवला. माल खपतो. गिऱ्हाइकाबद्दल आमची काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती स्वतःबद्दल. गिऱ्हाईक विचारते, "चाचा, हे ऑरगॅनिक आहे ना? पोरं अंगणात खेळतात." आम्ही गोणीवर छापलेले हिरवे पान पाहून सांगत होतो, "शंभर टक्के." आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. गोणीवरची बारीक इंग्रजी आम्हाला वाचता येत नव्हती आणि कोणाकडून वाचून घ्यावी असेही कधी वाटले नाही. टॉवेल हातात घेतला की सूत कोणत्या नंबरचे, रंग पक्का की कच्चा, हे सांगणारे आम्ही, खताच्या गोणीत काय आहे हे न पाहता जबान देत होतो.

बोकडाने शिकवलेला धडा

बकरी ईद आठ दिवसांवर आली होती. शेजारच्या मिस्त्रींनी कुर्बानीसाठी बोकड आणून दारात बांधला होता. त्याचा दोर सुटला आणि त्याने आमच्या पायरीवरच्या उघड्या गोणीत तोंड घातले. गोणीवर 'कडुनिंब पेंड' असे लिहिलेले होते. पाहणारे हसले, आम्हीही हसलो. "खाऊ दे, झाडपाल्याचेच आहे," असे आम्हीच म्हणालो. दुसऱ्या दिवशी बोकड सुस्त पडला, हगवण लागली. तिसऱ्या दिवशी गेला.

जनावरांच्या डॉक्टरांनी गोणी मागवली. मूठभर पेंड हातावर पसरून त्यांनी आम्हाला एकच प्रश्न केला, "निंबाची पेंड कडू जहर असते. बोकड ती पोटभर खाईल का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पेंडीत एरंडीच्या बियांच्या ठिपकेदार सालींचे तुकडे दिसत होते. एरंडीत रायसिन नावाचे विष असते. घाण्यात ते तेलाबरोबर उतरत नाही, पेंडीतच राहते. झाडाला ही पेंड चांगले खत आहे, पण बकरीने, कुत्र्याने किंवा लहान मुलाने खाल्ली तर जीव जाऊ शकतो.

ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेतला होता त्याला विचारले. तो शांतपणे म्हणाला, "दोन्ही पेंडी ऑरगॅनिकच आहेत." त्याचे हे बोलणे खोटे नव्हते, आणि सारा घोटाळा इथेच आहे. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे. तंबाखूचा काढासुद्धा नैसर्गिकच असतो, पण त्यातील निकोटिन माणसाला मारू शकते.

मिस्त्री पैसे घेत नव्हते, आग्रह करून आम्ही बोकडाची किंमत भरून दिली. पण त्याच मालातल्या गोण्या आम्ही महिनाभर सुट्या करून विकल्या होत्या. जी गिऱ्हाइके आठवली त्यांच्या घरी मुलाला पाठवून निरोप दिला. सगळी आठवली नाहीत. आम्ही पावतीवर नाव लिहून घेत नव्हतो. बोकडाच्या किमतीपेक्षा ही गोष्ट आम्हाला जास्त लागली.

कापडवाल्याला हे नवे नाही

खरे तर हा धडा आम्ही तरुणपणीच शिकायला हवा होता. ज्या अझो रंगांतून कर्करोग करणारी द्रव्ये सुटतात, त्या रंगांच्या कापडाविरुद्ध १९९४ साली जर्मनीने कायदा केला. त्याच दशकात आपल्या सरकारनेही अशा एकूण ११२ रंगांवर बंदी घातली. आम्ही तेव्हा वडिलांबरोबर गादीवर बसत होतो. निर्यातीसाठी दिलेले आमचे रंगीत टॉवेल एकदा परत आले. टॉवेल उत्तम होते. फक्त रंग कोणता, कोठून घेतला, त्याचे बिल कोठे आहे, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. रंगारी सुटा रंग आणत असे आणि आम्ही कधी विचारत नसू. ज्याच्याजवळ कागद होता त्याचा माल गेला, आमचा राहिला.

बागेच्या औषधांची गतही तीच आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तिथे कार्बारिल नावाचे कीटकनाशक बनत असे. परदेशात ते घरच्या बागांत सर्रास वापरले जाई. आपल्याकडे त्यावर २०१८ साली बंदी आली. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर एंडोसल्फान वर्षानुवर्षे फवारले गेले. तिथल्या माणसांचे हाल जगाने पाहिले आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची विक्री थांबवली. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. बंदी येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत अशी औषधे कोणाच्या तरी फळीवर विक्रीला असतात. ती फळी आपली नसावी, एवढे आपल्या हातात आहे.

लेबल वाचता आले नाही तरी

आमच्यासारख्या उर्दू शिकलेल्या किंवा कमी शिकलेल्या दुकानदारांसाठी एक सोपी खूण आहे. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर चौकोन उभा असतो आणि त्याच्या खालच्या भागात रंगीत त्रिकोण असतो. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे कमी विषारी. लालवर कवटी आणि दोन हाडांचे चित्रही असते. हिरवा त्रिकोण म्हणजे बिनविषारी असा अर्थ नाही, तिथेही सावधगिरीची सूचना असतेच. घरगुती कुंडीसाठी लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचा डबा कोणी मागितला तर विक्री सोडावी. ज्या बाटलीवर त्रिकोणच नाही आणि जी कीड मारण्याची भाषा करते, ती तर पायरीही चढू देऊ नये. कीड मारण्यासाठी विकायचे औषध निंबाच्या अर्काचे असले तरी ते १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येते आणि विकायला परवाना लागतो. आमच्याकडे परवाना नाही, म्हणून आम्ही सगळ्या बाटल्या काढून टाकल्या. खताच्या विक्रीलाही कृषी खात्यात विचारून आधी कागदपत्रे पुरी करावीत.

हिरव्या पानाच्या चित्रावर मात्र भरवसा ठेवू नये, ते कोणीही छापतो. सरकारने १९९१ साली 'इकोमार्क' नावाची योजना काढली. तिची खूण होती मातीचा घडा. पण तो घडा फारच थोड्या मालावर दिसला. २०२४ साली या योजनेचे नवे नियम आले. त्याच वर्षी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असेही ठरवले की पुरावा नसताना माल 'पर्यावरणपूरक' किंवा 'हिरवा' आहे असे सांगणे ही दिशाभूल आहे. म्हणजे आता नुसते पान छापून भागणार नाही, पुरावा दाखवावा लागेल.

कोणता माल ठेवावा

प्रथम खत. गांडूळ खत ठेवायला हरकत नाही, पण घेताना मूठ दाबून पाहावी. बोटांतून पाणी निघाले तर आपण खताच्या भावाने पाणी घेत आहोत. सेंद्रिय खते २००६ साली खत नियंत्रण आदेशात आली, आणि त्यात गांडूळ खतातील ओलाव्याची मर्यादा पंचवीस टक्के ठेवली गेली. चांगल्या खताला पावसाच्या मातीचा वास येतो, सडका वास येत नाही. हाडांचे चूर घ्यायचे तर वाफवलेले घ्यावे, कच्च्या चुऱ्यावर कुत्री येतात.

पेंड घ्यायची तर शक्यतो घाण्यावर जाऊन घ्यावी. निंबाच्या पेंडीला लसणासारखा उग्र वास असतो. जिभेवर ठेवून पाहण्याचा प्रयोग करू नये, कारण त्यात काय मिसळले आहे हे माहीत नसते. एरंडीची पेंड विकायची तर वेगळ्या गोणीत, तोंड बांधून, 'जनावरे व मुलांपासून दूर' असे मोठ्या अक्षरात लिहून विकावी.

मावा आणि पिठ्या ढेकूण यांसाठी गिऱ्हाईक औषध मागते. त्याला खरे सांगावे. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबतेल आणि थोडे साबणाचे पाणी घुसळून संध्याकाळी फवारावे. उन्हात त्याचा असर लवकर जातो, आणि मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. किडी लगेच मरून पडत नाहीत, आठवड्याने पुन्हा फवारावे लागते. हे आधी सांगितले नाही तर गिऱ्हाईक चार दिवसांनी येऊन आपल्याला खोटे ठरवते आणि दुसऱ्या दुकानातून जहाल औषध नेते.

नारळाच्या भुश्श्याची वीट मातीला हलकी करते, पाणी धरते, पण त्यात खतपाणी काही नसते. न धुतलेल्या भुश्श्यात मीठ राहते आणि रोप जळते. हेही सांगून विकावे.

पिशव्यांच्या बाबतीत आपण कापडवाले कोणाला फसणार नाही. 'तागाची' म्हणून जी रोपांची पिशवी येते तिचा एक धागा काडीने जाळावा. ताग आणि सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि हलकी राख राहते. वितळून कडक मणी झाला तर ते प्लास्टिक आहे, मातीत कधी कुजणार नाही. बाहेरून ताग आणि आतून प्लास्टिकचा थर असा मालही येतो, तो उलटून पाहावा.

आपल्या कारागिरांची रोजी

काही बांधव म्हणतील की गिऱ्हाईक स्वस्त मागते, आपण काय प्रयोगशाळा उघडायची? स्वस्ताईचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. सोलापूरच्या उन्हात मातीची कुंडी लवकर कोरडी पडते, जड असते, फुटतेही. प्लास्टिकची कुंडी हलकी आणि स्वस्त. पण साधी प्लास्टिकची कुंडी दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन चुरा होते, आणि तिचा पैसा गावाबाहेर जातो. मातीच्या कुंडीचा पैसा कुंभाराच्या घरात राहतो.

याच मालात आपल्या कारागिरांना काम आहे. पत्र्याची झारी बनवणारे हात अजून आहेत, मुठीची खुरपी घडवणारे लोहार आहेत, शिलाई मशीनवर जुन्या बारदानाच्या पिशव्या शिवू शकणाऱ्या भगिनी घरोघरी आहेत. आम्ही गेल्या हंगामात बारदानाच्या पिशव्या गल्लीतच शिवून घेतल्या. नफा थोडा कमी राहिला, पण पिशवी कशाची आहे असे कोणी विचारले तर शिवणाऱ्या हातापर्यंत सांगता येते.

व्यापारी बांधवांना आमची विनंती एवढीच की घाऊकवाल्याला गोणी उतरवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : यात काय काय आहे, ते कोठून आले, आणि हे बिलावर लिहून देणार का? तिसऱ्या प्रश्नाला जो टाळाटाळ करतो त्याची गोणी परत करावी. आणि विकताना पावतीवर गिऱ्हाइकाचे नाव जरूर लिहून घ्यावे. कधी चूक झाली तर निरोप कोणाच्या दारी न्यायचा, हे तरी आपल्याला ठाऊक असेल. आम्हाला ते ठाऊक नव्हते.